केपचा धूमकेतू
इ. स. १८८२ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतील केपच्या वेधशाळेत जो धूमकेतू नजरेस पडला, तो १७ तारखेस सूर्यपृष्ठापासून अवघ्या साडेचार लाख किलोमीटरांच्या सुमाराने गेला; भर दिवसा त्याचा माग ठेवणाऱ्या फिन्ले व एल्किन यांच्या देखत तो सूर्यबिंबाच्या कडेशी पोचला आणि असा लुप्त झाला, की बिंबावर ठिपकाही उमटला नाही. पुढे त्याच्या केंद्रकाचे तुकडे झाले, आणि १८४३, १८८० व १८८२ चे धूमकेतू एकाच कुळातले, शतकानुशतकांनी परतणारे, असे क्रॉइट्झने गणिताने दाखविले.

परंतु या पाहुण्याचे खरे देणे निराळेच होय. वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी जवळच्या मोब्रे गावच्या एका धंदेवाईक छायाचित्रकारास पाचारण करून त्याचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधविला (त्या गृहस्थास हे गिऱ्हाईक विलक्षणच वाटले असेल!), काच अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक काळ उघडी ठेविली, आणि पुच्छासोबत असंख्य तारेही तीवर उतरलेले पाहताच दक्षिण आकाशाची जमाबंदी छायाचित्रांनीच करण्याचा मनसुबा केला. ग्रोनिंगनच्या काप्टाइनने त्या काचांची मोजणी अंगावर घेतली. ४,५४,८७५ ताऱ्यांचे ते दप्तर १८९६ ते १९०० च्या दरम्यान छापून निघाले.