ग्राहककर्जांची विक्री आणि बँकांचा नफा-तोटा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चिखलदऱ्यातील एखादा शिक्षक परतवाड्यातील बँकशाखेतून दुचाकीसाठी कर्ज घेतो. पुढे तेच कर्ज हजारो कर्जांच्या गटात मुंबईत विकले जाऊ शकते. वसुली बहुधा मूळ बँकच करीत असल्याने कर्जदाराला हा बदल जाणवत नाही. बँकेसमोर मात्र प्रश्न उभा राहतो की, विक्रीतील नफा कोणत्या वर्षाचा मानावा? प्रस्तुत लेखात भारतातील या नियमाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

२००६ पूर्वीची स्थिती :
१९९१ मध्ये सिटीबँकेने वाहनकर्जांचा गट जीआयसी म्युच्युअल फंडास विकला. हा भारतातील प्रतिभूतीकरणाचा पहिला व्यवहार मानला जातो. समजा, १०० कोटी रुपयांची कर्जे १०३ कोटींना विकली. वरचे ३ कोटी म्हणजे पुढील काही वर्षांत मिळावयाच्या व्याजाचे आजचे मोल होय. ते विक्रीच्या वर्षीच नफ्यात धरल्यास त्या वर्षाचा नफा फुगतो. शिवाय अनेक व्यवहारांत विकणारी बँकच काही प्रमाणात बुडीताची हमी देत असे. कर्जे थकली की तोटा तिच्याकडेच परत येई. म्हणजे नफा नोंदला जाई, पण जोखीम पूर्णतः जात नसे.

२००६ ची मार्गदर्शक तत्त्वे :
रिझर्व्ह बँकेने १ फेब्रुवारी २००६ रोजी यावर नियम घातला. नफा प्रतिभूतींच्या मुदतीत विभागून दाखवावा, तोटा मात्र तत्काळ नोंदवावा. वरील उदाहरणात मुदत तीन वर्षांची असल्यास ढोबळमानाने दरवर्षी १ कोटीच नफ्यात येतील. किरकोळ कर्जांच्या विक्रीत अग्रेसर असलेल्या आयसीआयसीआय बँकेनेही त्या तारखेपासून आपली हिशेबपद्धती बदलली. मे २०१२ च्या सुधारणेने कर्ज काही काळ स्वतःकडे ठेवण्याची व त्यातील काही हिस्सा कायम राखण्याची अटही आली.

नियमाला अपवाद :
तोट्याबाबतची शिस्त सर्वत्र टिकली नाही. २०१४ मध्ये थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना तोट्यात विकल्यास तो तोटा दोन वर्षांत विभागण्याची मुभा मिळाली. ३१ मार्च २०१५ पर्यंतच्या विक्रीसाठी असलेली ही सवलत पुढे एका वर्षाने वाढविण्यात आली. थकीत कर्जे ताळेबंदातून लवकर बाहेर पडावीत हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु त्यामुळे त्या वर्षाचा तोटा वास्तवापेक्षा कमी दिसे.

२०२१ चा बदल :
२४ सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांनी कर्ज हस्तांतरणातील प्रत्यक्ष हाती आलेला नफा वा तोटा व्यवहार पूर्ण झालेल्या काळातच दाखविण्यास सांगितले. हाती न आलेला नफा मात्र कर्जाची मुदत संपेपर्यंत भांडवलातून वजा करावयाचा होता. म्हणजेच सावधगिरी नफा-तोटा पत्रकातून भांडवलाच्या गणनेत सरकली.

निष्कर्ष :
या तीन दशकांत विकली जाणारी वस्तू तीच राहिली. तिच्या नफ्याचे वर्ष मात्र नियमानुसार बदलत गेले. त्यामुळे दोन वेगळ्या काळांतील बँकनफ्याची तुलना करताना त्या काळाचा नियम पाहणे अनिवार्य ठरते. ठेवीदारानेही केवळ नफ्याचा आकडा न पाहता, त्यात कर्जविक्रीचा वाटा किती आणि विकलेल्या कर्जांची जोखीम कोणाकडे राहिली, हे वार्षिक अहवालात तपासावे.