मोटारीच्या किल्लीतला संकेत

मोटारीच्या किल्लीचा चोराशी प्रारंभी फारसा संबंध नव्हता. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला आणि दांडा फिरवून इंजिन चालू करण्याची कसरत हळूहळू इतिहासजमा झाली. पुढे १९४९ मध्ये क्रायस्लरने किल्ली फिरवताच स्टार्टरही चालेल अशी रचना केली आणि इंजिनाचा सारा कारभार एका किल्लीच्या हाती आला. परंतु ती किल्ली शेवटी एक विजेचा स्विचच फिरवीत असल्यामुळे, कुलपाला स्पर्शही न करता त्यामागच्या तारा सोलून एकमेकींना जोडल्या, ज्याला गॅरेजच्या भाषेत गाडी ‘डायरेक्ट’ करणे म्हणतात, तरी इंजिन तितक्याच आज्ञाधारकपणे सुरू होत असे. स्टिअरिंग जखडून टाकणारे कुलूप १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत सक्तीचे झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकी गाड्यांतही आले, पण त्याची मदार पोलादाच्या मजबुतीवरच होती आणि पोलाद तोडण्याची हत्यारे चोरांजवळ होतीच.

किल्लीच्या आकाराखेरीज तिच्या अंगी आणखी काही ओळख असावी, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रथम जनरल मोटर्सने अमलात आणली. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीच्या पात्यात एक बारीक रोधक (रेझिस्टर) बसवलेला होता. किल्ली कुलपात गेली की गाडीतील यंत्रणा त्या रोधकाचे मूल्य मोजून पाही, आणि ते जुळले नाही तर स्टार्टर व इंधनपुरवठा काही मिनिटांपुरता बंद ठेवी. मात्र अशी मूल्ये एकूण पंधराच होती. साध्या मीटरने मूळ किल्लीचे मूल्य मोजता येई, आणि सवड असलेल्या चोराला पंधराही किल्ल्या एकामागून एक लावून पाहता येत. तरीही या ओबडधोबड योजनेने एक मूलभूत बदल घडवला: परवानगी देण्याचे काम कुलपाकडून निघून एका निर्णय घेणाऱ्या विद्युत मंडलाकडे गेले, आणि त्यामुळे नुसत्या तारा जोडणे पुरेसे राहिले नाही.

१९९० च्या दशकात रूढ झालेल्या इमोबिलायझरमध्ये, म्हणजे अधिकृत किल्लीवाचून इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेत, रोधकाची जागा ट्रान्सपॉन्डर नावाच्या चिपने घेतली. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बसणाऱ्या या चिपला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि त्याच मार्गाने ती आपले उत्तर पाठवते. आरंभीच्या चिप प्रत्येक वेळी एकच ठरलेला क्रमांक सांगत, त्यामुळे किल्ल्याच्या दरवाजावरील परवलीचा शब्द एकदा शत्रूच्या कानी पडावा, तशी त्यांची गत होई. म्हणून पुढच्या पिढीत गाडी दर वेळी एक नवा, यादृच्छिक आकडा विचारू लागली. चिप त्या आकड्यावर आपल्या पोटातील गुप्त संकेतसंख्येच्या साहाय्याने गणित करते आणि केवळ उत्तर कळवते. गाडीच्या बाजूलाही तेच गणित झालेले असते, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक इंधनाचे इंजेक्शन व ठिणगी यांना मोकळीक देतो. गुप्त संख्या स्वतः हवेतून कधीच जात नसल्यामुळे एका वेळचे संभाषण चोरून ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसणाऱ्या चावीवाल्याने पाते हुबेहूब घासून दिले, तर दरवाजा उघडतो पण इंजिन चालू होत नाही, आणि नव्या किल्लीची गाडीच्या स्मृतीत नोंद करण्यासाठी वेगळे उपकरण लागते, ते याच कारणाने.

हे तंत्र कोणी शोधले यापेक्षा ते गाड्यांत बसवायला कोणी भाग पाडले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. चोरी झालेल्या गाडीची भरपाई विमा कंपनी देते आणि मालक बहुधा दुसरी गाडी विकत घेतो, त्यामुळे उत्पादकाला चोरीची झळ क्वचितच लागते. १९८९ नंतर युरोपातील पूर्व-पश्चिम सीमा खुल्या झाल्या, जर्मनीत मोटारचोरी झपाट्याने वाढली, आणि तेथील विमा कंपन्यांनी इमोबिलायझरचा आग्रह धरला. युरोपीय संघाने १९९५ साली निर्देश काढून ऑक्टोबर १९९८ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली. ऑस्ट्रेलियाने २००१ साली आणि कॅनडाने सप्टेंबर २००७ मध्ये तसाच नियम केला. नेदरलँड्समधील आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना, काही चोर जुन्या गाड्यांकडे वळले ही गोष्ट हिशेबात धरूनही, सक्तीमुळे मोटारचोरी लक्षणीय घटल्याचे आढळले.

संकेतांची गणिते मात्र निर्मात्यांनी मानली तितकी भक्कम नव्हती. टेक्सास इन्स्ट्रुमेन्ट्सच्या, फोर्डसारख्या उत्पादकांनी वापरलेल्या चिपमधील गुप्त संख्या ४० बिटांची होती. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी अनेक प्रोग्रामेबल चिप जोडून ती तासाभराच्या आत शोधता येते हे दाखवून दिले. ‘मेगामोस क्रिप्टो’ या चिपची कथा अधिक बोलकी आहे. बर्मिंगहॅम आणि नायमेगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी तिच्यातील दोष शोधले: गुप्त संख्या ९६ बिटांची असली तरी गणित चालताना यंत्राची अंतर्गत अवस्था अवघ्या ५६ बिटांत मावत होती. तो निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच फोक्सवॅगनने २०१३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, आणि अखेर २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, तो छापला गेला. गणित गुप्त ठेवल्याने ते सुरक्षित होते, ही समजूत संकेतशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच सोडून दिलेली असताना मोटार उद्योगाने ती इतकी वर्षे जपावी, हे काहीसे नवलाचे आहे.

पुढे खिशातली किल्ली बाहेर न काढता गाडी सुरू करण्याची सोय आली आणि गणित फोडण्याची गरजच उरली नाही. घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश दोन उपकरणांच्या मदतीने दारातल्या गाडीपर्यंत पोहोचवला, की गाडीला खरी किल्ली जवळच असल्याचा भास होतो. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला, आणि दहाही गाड्या फसल्या.

इमोबिलायझर नसल्याचे परिणाम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत स्पष्ट दिसले, कारण तेथे तो कधीच सक्तीचा झाला नाही. ह्युंदाई आणि किआ यांची जी मॉडेले कॅनडात कायद्यामुळे इमोबिलायझरसह विकली जात होती, त्यांपैकी अनेक सीमेच्या दक्षिणेला त्यावाचून विकली गेली. विमा उद्योगाच्या अभ्यासानुसार २०१५ साली इतर उत्पादकांच्या ९६ टक्के मॉडेलांत ही यंत्रणा मूळचीच असताना या दोन कंपन्यांच्या बाबतीत ते प्रमाण २६ टक्के होते. मिलवॉकी शहरातील तरुणांनी शोधलेली युक्ती, म्हणजे स्टिअरिंगखालचे आवरण काढून कुलपाचा सांगाडा उपटणे आणि उरलेला खुंट यूएसबी केबलच्या टोकाने फिरवणे, २०२२ मध्ये टिकटॉकवरून देशभर पसरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या चोऱ्यांशी संबंधित किमान चौदा अपघात आणि आठ मृत्यू नोंदवले, आणि त्याच वेळी दोन्ही कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. ज्या गाड्यांत ती बसवणे शक्य नव्हते, त्यांच्या मालकांना ह्युंदाईने स्टिअरिंगला अडकवण्याच्या लोखंडी कुलपाचे पैसे परत देऊ केले.