सान कास्सियानो : स्कीच्या उताराखालची आघाडी

सान कास्सियानो गावाच्या पाटीवर एकाच गावाची तीन नावं लिहिलेली आहेत. एक इटालियन, एक जर्मन आणि एक लादिन भाषेतलं. सीमाभागात नोकरी काढलेल्या माणसाला अशी पाटी पाहिली की लगेच वास येतो, इथे कधीतरी सीमा सरकलेली आहे. माणसं जागच्या जागी राहिली आणि देश त्यांच्या डोक्यावरून गेला.

गाव उत्तर इटलीत, डोलोमाइट पर्वतरांगेत, बादियाच्या खोऱ्यात आहे. गेल्या हिवाळ्यात वार्षिक सुट्टीत आम्ही तिघं तिथे आठ दिवस राहिलो. परदेशी जाण्याच्या परवानगीचा कागद किती टेबलांवरून फिरला ते इथे सांगत नाही, फौजेतल्या वाचकांना ते पाठ आहे.

स्की मी शिकलो गुलमर्गला, हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये. १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्यांच्या १९ डिव्हिजनने सुरू केलेल्या छोट्या स्की स्कूलचं ते आजचं रूप. तिथे स्की म्हणजे पाठीवर पिट्ठू, गळ्यात रायफल आणि मागून उस्तादांचा आवाज. लिफ्टने वर जायचं, नुसतं खाली घसरत यायचं आणि वाटेत गरम सूप प्यायचं, हा प्रकार मला चाळिशीत पहिल्यांदाच भेटला. मुलगी दोन दिवसांत माझ्या पुढे गेली.

गाव शांत आहे. रात्री नऊनंतर चर्चची घंटा आणि बर्फ सारणारं यंत्र, एवढेच आवाज. या खोऱ्यात जुन्या वस्त्यांना ‘विलेस’ म्हणतात. चार-सहा घरं एकमेकांना चिकटून बांधलेली, मध्ये पाण्याची डोण आणि भट्टी सामाईक. शेताची वाटणी करायची नाही, पूर्ण वाडा एकाच वारसाकडे जातो, असा जुना रिवाज आहे आणि तो कायद्यानेही टिकवलेला आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावांची रांग लागते आणि वाट्याला गुंठे येतात, त्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. धाकट्यांनी काय करायचं? पूर्वी ते गडी व्हायचे, पाद्री व्हायचे, नाहीतर सैन्यात जायचे. आता हॉटेल काढतात. जेवणात बार्लीचं दाट सूप आणि ‘तुर्त्रेस’, म्हणजे पालक भरून तळलेला, आपल्या कचोरीचा चुलतभाऊ शोभेल असा पदार्थ. सौ.ने तीनदा मागवला.

लादिन ही लॅटिनपासून आलेली डोंगरी भाषा. बोलणारे जेमतेम तीस हजार, पाच खोऱ्यांत विखुरलेले. पहिल्या महायुद्धापर्यंत ही पाचही खोरी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, तिरोल प्रांतात होती. आज ती इटलीच्या तीन वेगवेगळ्या प्रांतांत आहेत.

मराठी फौजी माणसाच्या मनातली इटली वेगळी आहे. १० जुलै १९४४ रोजी तायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं, ती इटली. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ती लढाई इथून बरीच दक्षिणेला झाली. या डोंगरातली लढाई त्याच्या आधीच्या महायुद्धातली, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने फाल्झारेगो खिंडीत गेलो आणि तिथून केबल कारने लागाझुओई शिखरावर. उंची २७५० मीटरच्या आसपास. वरून जो स्कीचा उतार खाली येतो तो साडेआठ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना गोठलेले धबधबे. शेवटी जमीन सपाट होते आणि स्की पुढे सरकत नाहीत. तिथे घोडे उभे असतात. घोड्यांमागे लांब दोर, दोराला धरून वीस-तीस स्कीवाले ओळीने उभे राहतात आणि घोडे त्यांना आर्मेंतारोलापर्यंत ओढत नेतात. मुलीला सगळ्या सहलीत हेच आवडलं.

मी मात्र वर असतानाच अडकलो होतो. लागाझुओईच्या कड्यावर नीट बघितलं तर खिडक्यांसारखी भोकं दिसतात. ती बंदुकांची भोकं आहेत. डोंगर आतून पोखरलेला आहे. शिखर ऑस्ट्रियनांकडे होतं. त्याच कड्याच्या मध्यावरच्या एका अरुंद पट्टीवर इटालियन अल्पिनी चढून बसले आणि दोन वर्षं तिथून हलले नाहीत. वरच्यांनी खालच्यांवर कडा कोसळवायला सुरुंग लावले, खालच्यांनी वरच्यांना उडवायला बोगदा खणला. सुरुंगांनी कोसळलेल्या दगडांचा ढीग खिंडीतून आजही दिसतो, बर्फातही.

इथवर कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. मला खरा प्रश्न पडला तो वेगळा : मे १९१५ मध्ये ही आघाडी धरायला इथे कोण होतं?

उत्तर आहे, म्हातारे आणि पोरं. त्यासाठी चारशे वर्षं मागे जावं लागतं. १५११ साली सम्राट मॅक्सिमिलियनने तिरोलला एक सनद दिली. तिरोलच्या लोकांनी आपला मुलूख स्वतः राखायचा, बदल्यात त्यांना मुलखाच्या हद्दीबाहेर लढायला नेलं जाणार नाही. त्यातून गावोगाव नेमबाजीची मैदानं उभी राहिली. तिथे नाव नोंदवलेल्यांना स्टांडशुट्झन म्हणत. हे लोक आपले अधिकारी स्वतः निवडत, म्हणून खानावळीचा मालक किंवा शाळामास्तर कॅप्टन होऊन जाई. आमच्या शिस्तीत बसणारी गोष्ट नाही, पण त्या मंडळींना प्रत्येक ओढा आणि प्रत्येक हिमस्खलनाची वाट माहीत होती.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि धडधाकट वयाचे तिरोली जवान, कायझरयेगर रेजिमेंटचे आणि खास डोंगर राखण्यासाठी उभारलेल्या पलटणींचेही, आगगाडीत भरून हजार किलोमीटरवरच्या गॅलिशियात, रशियनांसमोर पाठवले गेले. आजच्या पोलंड-युक्रेनमधला तो सपाट मुलूख. डोंगरात लढायला तयार केलेली माणसं मैदानात उभी केली आणि त्या शरद ऋतूत या रेजिमेंटांची अक्षरशः चाळण झाली. २३ मे १९१५ ला इटलीने युद्ध पुकारलं, तेव्हा या खोऱ्यांत उरले होते अठराच्या आतले आणि पन्नाशीच्या पुढचे. तेच बंदुका घेऊन खिंडींवर चढले. जर्मनीने आपलं आल्पेनकोर हे डोंगरी दल मदतीला धाडलं, पण ते पोचायला वेळ होता.

इटालियन सेनापतींनी त्या पहिल्या दिवसांत मुसंडी मारली असती तर त्यांना कोणी अडवू शकलं नसतं, असं माझं मत आहे. त्यांनी सावधपणे, एकेक पाऊल टाकत चढाई केली. शेजारचं कोर्तिना महिनाअखेरीस घेतलं. तेवढ्यात समोरच्यांनी शिखरं धरली. डोंगरात आधी वर पोचलेल्याला खाली आणायला काय पडतं, हे कारगिलनंतर आपल्या वाचकांना सांगायला नको.

वालपारोला खिंडीत त्रे सासी नावाचा ऑस्ट्रियन किल्ला आहे. जुलै १९१५ मध्ये इटालियन तोफांनी तो फोडला. सैनिकांनी तो रिकामा केला, पण रात्री आत दिवे लावत राहिले, म्हणजे शत्रूने मोकळ्या भिंतींवरच गोळे खर्च करावेत. बसच्या खिडकीतून तो अजून तसाच फुटका दिसतो.

किल्ल्याच्या दक्षिणेला कोल दि लाना. जेमतेम २४५० मीटर, म्हणजे गुलमर्गच्या कुरणापेक्षाही बुटका. गवताळ डोंगर, कडेही फारसे नाहीत. पण खालचा रस्ता त्याच्या माऱ्यात येतो, म्हणून १९१५ च्या उन्हाळ्यापासून इटालियन पायदळ त्याच्यावर लाटांसारखं आदळत राहिलं. हजारो माणसं गेली. इटालियन सैनिक त्याला रक्ताचा डोंगर म्हणू लागले. नोव्हेंबरात शिखर हाती आलं आणि त्याच रात्री गेलं. अखेर सुरुंग लावायचं ठरलं. काम सोपवलं जेलासियो काएतानी या लेफ्टनंटकडे. रोमच्या सरदार घराण्यातला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात खाणकाम शिकलेला. त्याच्या माणसांनी हिवाळाभर डोंगराच्या पोटात बोगदा नेला आणि सुमारे पाच टन स्फोटकं भरली.

आपल्याला सुरुंग नवा नाही. १७०० साली साताऱ्याच्या वेढ्यात औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग लावले होते. एकात किल्लेदार प्रयागजी प्रभू गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसऱ्यात तट बाहेरच्या अंगाला कोसळून मोगलांचीच माणसं चिरडली. पण तिथे गडावरच्यांना निदान बाहेर पडून छापा घालण्याची मुभा होती. कोल दि लानावरच्या कायझरयेगरांना खाली खणण्याचे आवाज ऐकू येत होते. मग आवाज थांबले. थांबले याचा अर्थ दारू भरून झाली, हे शिपायालाही कळत होतं. हुकूम मात्र एकच, जागा सोडायची नाही. माथ्यावरच्या तुकडीची बदली झाली, एक गेली, दुसरी येऊन बसली. १७ एप्रिल १९१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास शिखर उडालं. शंभराहून अधिक जवान जागीच गेले, उरलेले कैद झाले.

या हुकुमावर मी बराच विचार केला. आपण आवाज ऐकत बसलेली ती कंपनी पुस्तकात आदर्श म्हणून वाचतो. पण जो डोंगर उद्या उडणार हे ठाऊक आहे, त्याच्या माथ्यावर पहाऱ्यापुरती माणसं ठेवून बाकीचे मागच्या सीफ कड्यावर आणता आले असते. कारण पुढे नेमकं तेच झालं. इटालियनांना माथा मिळाला आणि ते काहीशे मीटरवरच्या त्या सीफपाशी अडकले. तिथून पुढे त्यांना सरकता आलं नाही. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोला त्यांचा मोड झाला आणि हा सगळा पट्टाच त्यांनी सोडून दिला. उडालेल्या माथ्याची खोगिरासारखी खाच तेवढी उरली.

बर्फाने घेतलेले बळी तर निराळेच. १९१६-१७ चा हिवाळा त्या भागातल्या सर्वांत मोठ्या हिमवर्षावांपैकी एक. १३ डिसेंबर १९१६ ला मार्मोलादा पर्वतावरच्या ग्रान पोझ इथे ऑस्ट्रियन बराकींवर हिमस्खलन कोसळलं आणि पावणेतीनशेच्या आसपास माणसं गाडली गेली. त्याला ‘पांढरा शुक्रवार’ म्हणतात, वास्तविक वार बुधवार होता. तळाच्या कॅप्टनने ती जागा धोक्याची आहे, बराकी हलवू द्या, असं आधीच लेखी कळवलं होतं. वरून नकार आला. सियाचेनवर राहून आलेल्या कोणालाही हे वाचून फेब्रुवारी २०१६ ची सोनम पोस्ट आठवेल. १९ मद्रासचे दहा जवान, आणि सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत काढलेले व नंतर रुग्णालयात गेलेले लान्स नायक हणमंतप्पा. मार्मोलादाच्या हिमनदीच्या पोटात ऑस्ट्रियनांनी मैलोन्‌मैल बोगदे कोरून राहण्याच्या खोल्या, कोठारं, दवाखाना असं गावच वसवलं होतं. हिमनदी आता झपाट्याने वितळते आहे. ते गाव कधीच चिरडून गेलं, पण लाकडं, तारा, डबे वर येत असतात. जुलै २०२२ मध्ये तिचाच एक तुकडा तुटून अकरा गिर्यारोहक गेले.

युद्धानंतर १९१९ च्या तहाने हा मुलूख इटलीला मिळाला. म्हणजे ज्यांनी इटालियनांना अडीच वर्षं खिंडींवर रोखून धरलं, ते आता इटालियन नागरिक झाले. कोल दि लानाच्या पायथ्याशी इटलीने मोठं स्मारक बांधलं, त्यात पाच हजारांवर सैनिकांच्या अस्थी आहेत, बहुतेक बेनाव. ते देशाचे हुतात्मे. खोऱ्यातली माणसं मेली ती मात्र हरलेल्या, आणि आता अस्तित्वातच नसलेल्या साम्राज्यासाठी. त्यांना सरकारी मानवंदना कोण देणार? त्यांची नावं चर्चच्या आवारात गावानेच लिहिली. आमच्या घरमालकीणबाईंच्या पणजोबांचं नाव तिथे आहे. ‘गॅलिशिया, १९१४’ एवढंच त्यांना माहीत. देह परत आला नाही. ‘आमच्याकडे त्या युद्धाबद्दल शाळेत दुसऱ्यांच्या बाजूने शिकवायचे,’ त्या म्हणाल्या, आणि सूप वाढायला निघून गेल्या.

१९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या करारानुसार या लोकांना पुन्हा विचारलं गेलं, जर्मन व्हायचं की इटालियन. लादिन हा पर्याय नव्हता. पाटीवरचं तिसरं नाव आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्वायत्ततेतून, आणि तेही सगळ्या खोऱ्यांना सारखं मिळालं नाही. कोर्तिना आणि कोल दि लानाच्या पायथ्याचं लिव्हिनालोंगो ही गावं फॅसिस्टांच्या काळात तोडून बेल्लुनो प्रांताला जोडली होती, ती तशीच राहिली.

आज कोल दि लानाला वळसा घालून स्कीवाल्यांसाठी ‘महायुद्धाची फेरी’ आखलेली आहे, लिफ्ट धरून सुमारे ऐंशी किलोमीटर. पाचव्या दिवशी मी ती केली, पहाटे निघून संध्याकाळी परत. प्रांतांची हद्द त्या वाटेत दोनदा ओलांडली जाते आणि एकच पास सगळीकडे चालतो. २००७ च्या ऑक्टोबरात कोर्तिना, लिव्हिनालोंगो आणि कोले सांता लुचिया या तीन गावांनी सार्वमत घेतलं आणि मोठ्या बहुमताने आपल्या जुन्या भाईबंदांच्या बोल्झानो प्रांतात जाण्याचा कौल दिला. प्रांत अजून बदललेला नाही.