भिडू कोणी वाटायचे?

कौंडण्यपूर म्हटलं की रुक्मिणीचं माहेर आठवतं. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर वसलेलं हे गाव. विदर्भाची पुराणातली राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानतात. इथून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. अंबिकेच्या देवळापाशी घडलेली गोष्ट आमच्याकडच्या लेकराबाळांना पाठ असते. भाऊ रुक्मी यानं शिशुपालाचं नाव आधीच पक्कं केलं होतं. रुक्मिणीला कोणी विचारलंही नव्हतं. शेवटी तिला कृष्णाकडे निरोप धाडावा लागला. आणि या सगळ्या प्रकाराला आपण नाव दिलं ‘रुक्मिणी स्वयंवर’.

नाव स्वयंवराचं आणि निर्णय आधीच झालेला, असा प्रकार मी पुढं खेळाच्या मैदानावर अनेकदा पाहिला. तिथं त्याला ‘निवड चाचणी’ म्हणतात. तालुक्याचा, जिल्ह्याचा, विभागाचा संघ निवडायचा असतो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं बनियन घालून उभी राहतात आणि संध्याकाळी एक यादी लागते. त्या यादीचा इतिहास मला सांगायचा आहे, कारण यादीतलं नाव म्हणजे फक्त एक टी-शर्ट नसतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवर चालणाऱ्या घरात विभागाच्या संघात गेलेलं पोर म्हणजे पुढची शक्यता असते. म्हणूनच बनावट खेळ-प्रमाणपत्रांचा धंदाही या राज्यात झाला आणि उघडकीला आला. ज्याला किंमत नसते त्याची नक्कल कोणी करत नाही.

नदीच्या अलीकडं, नदीच्या पलीकडं

पहिला प्रश्न असा, की पोर कोणत्या संघाचं? कौंडण्यपूरला उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो. तो वर्धा जिल्हा. अलीकडचं पोर अमरावती विभागात खेळतं, पलीकडचं नागपूर विभागात. दोघांची बोली जवळपास एक, पीक एक, सोयरिकी एकमेकांत. तरी एकाला अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीमच्या पोरांशी झुंजायचं आहे, तर दुसऱ्याला नागपूरच्या पोरांशी.

ही रेघ क्रीडा खात्यानं आखलेली नाही. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडं गेला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि ‘सीपी अँड बेरार’ हे जोडनाव रूढ झालं. त्या नावाचा संघ रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या वर्षांत खेळलाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा वेगळा संघ रणजीत उतरला. म्हणजे कौंडण्यपूरचं पोर आज कोणाविरुद्ध चाचणी देतं, हे काही अंशी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पराभवानं ठरवलेलं आहे.

वाटा कोणाला किती, हा प्रश्न आमच्या राजकारणातही जुना आहे. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार, दोन्ही त्यासाठीच झाले. मुंबई-पुण्याकडं सगळं जाईल ही विदर्भाची भीती होती. मग नागपूरकडं सगळं जाईल अशी भीती वऱ्हाडाला वाटते, अमरावतीकडं जाईल अशी तिवशाला, आणि तिवशाकडं जाईल अशी नदीकाठच्या गावांना. मोठं मैदान शहरात, चाचणी शहरात, निवड समितीही बहुतेक शहरातली. कौंडण्यपूरहून अमरावती चाळीसेक किलोमीटर. पहिली एसटी चुकली की पोर चाचणीला उशिरा पोचतं. पोरीच्या बाबतीत परतीची शेवटची एसटी किती वाजता, यावरच घरातली परवानगी ठरते. कागदावर चाचणी सर्वांना खुली असते. पण पोचण्याचा खर्च सर्वांना सारखा नसतो.

गावानं काढलेली तोड

संघ न्यायानं कसा पाडायचा, हे गावातल्या पोरांना फार आधीपासून माहीत होतं. हुतूतू खेळताना आम्ही भिडू वाटायचो ते असं. आधी दोन कर्णधार ठरायचे. बाकीची पोरं जोड्या करायची, पण जोडी बरोबरीची हवी. जोरातला जोरातल्याबरोबर, लेचापेचा लेच्यापेच्याबरोबर. जोडी जरा लांब जाऊन गुपचूप नावं घ्यायची. एक चंद्र, दुसरा सूर्य. किंवा एक वाघ, दुसरा सिंह. मग खांद्यावर हात टाकून परत यायचं आणि विचारायचं, “बोला, चंद्र पायजे का सूर्य?” कर्णधार नाव मागायचा आणि जो निघेल तो घ्यायचा.

लहानपणी हा नुसता खेळ वाटायचा. आता विचार केला की त्यात किती शहाणपण होतं ते कळतं. तुलना बरोबरीच्यांत व्हायची. निवडणाऱ्याला समोर कोण आहे ते ठाऊक नसायचं. कोण पाटलाचा, कोण मजुराचा, कोण कर्णधाराचा चुलतभाऊ, याला तिथं जागाच नव्हती. आणि जोडी बरोबरीची नसेल तर सगळी पोरं मिळून ओरडायची, “हे नाई चालत भाऊ!” म्हणजे नियम, गुप्तता आणि हरकत घेण्याचा हक्क, तिन्ही होतं.

हाच हुतूतू पुढं कबड्डी झाला. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून वाढलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, त्यात कबड्डीही होती. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. खेळाला नियम आले, मापाचं मैदान आलं, पंच आले. पण चंद्र-सूर्याची ती आंधळी निवड मात्र गावातच राहिली. वरच्या पातळीवर नाव, गाव, आडनाव माहीत असलेली माणसं यादी करू लागली.

आडनाव दिसलं की

आडनाव दिसल्यावर काय होतं, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा क्रिकेटमधला आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात ते आधी मैदानावरची कामं करत आणि सरावाला गोलंदाजी टाकत. त्यांचा दर्जा इतका उघड होता की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. पण मैदानावर चेंडू सगळे एकाच हातानं झेलणार आणि चहाच्या वेळी बाळूंना मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा! १९११ मध्ये भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही.

१९२० मध्ये चौरंगी स्पर्धेच्या वेळी प्रकरण पेटलं. बाळूंना वगळलं. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा बाळूंचे भाऊ विठ्ठल यांच्याऐवजी त्यांच्याहून नवखे देवधर कर्णधार झाले. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि तो का, हे जाहीरपणे सांगितलं. मग तडजोड झाली. पै परतले, बाळू संघात आले आणि उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघानं स्पर्धा जिंकली.

या घटनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पळवणकर भावांनी दया मागितली नाही. त्यांनी निकष विचारला: गुणावर निवड करता ना, मग आमचे गुण मोजा. बळी आणि धावा वहीत लिहिलेल्या होत्या, म्हणून तो प्रश्न टाळता आला नाही. जिथं काहीच लिहिलेलं नसतं तिथं निवडणारा “आम्हाला तसं वाटलं” एवढंच म्हणून मोकळा होतो.

एक जूनची पिढी

आता जरा अवघड भाग. समजा निवड समिती अगदी सचोटीची आहे. जात नाही, ओळख नाही, पैसा नाही. तरीही अन्याय होऊ शकतो, आणि तो जन्मतारखेतून येतो.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात आणि वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात. दोघांत अकरा महिन्यांचं अंतर. तेरा-चौदाच्या वयात, ऐन वाढीच्या काळात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंच होऊ शकतो. मी दिलेल्या एका चाचणीत आम्हाला सर्वांत आधी उंचीप्रमाणं रांगेत उभं केलं होतं. रांगेच्या बुटक्या टोकाकडं नजर पोचेपर्यंत यादी भरत आली होती. निवडणाऱ्या सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना कौशल्य दिसत होतं असं वाटत होतं, प्रत्यक्षात वाढ दिसत होती.

हे फक्त आमच्याकडं नाही. १९८५ मध्ये कॅनडात रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या तरुण खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले भरपूर, शेवटच्या महिन्यांतले थोडे. बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये १९९७ मध्ये वयाची मोजणी १ ऑगस्टऐवजी १ जानेवारीपासून सुरू झाली, तर निवडल्या जाणाऱ्या पोरांचे जन्ममहिनेही त्यामागोमाग सरकले. ऑगस्टच्या पोरांतली प्रतिभा एका वर्षात आटली नव्हती. कॅलेंडर बदललं होतं. एकदा निवडलेल्या पोराला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. मग सगळे म्हणतात, निवड बरोबरच होती.

आमच्याकडं यात आणखी एक गाठ आहे. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांचे वाढदिवस विचारा. अर्ध्यांचा १ जून किंवा १ जुलै निघेल. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोर सहा वर्षांचं दाखवायचं, म्हणून गुरुजींनी दाखल्यात तारीख टाकून दिली. अशा पोराचं कागदावरचं वय अनेकदा खऱ्यापेक्षा जास्त झालं. मैदानावर तो बिचारा स्वतःपेक्षा मोठ्यांशी झुंजला. दुसरीकडं ज्यांना कागद वाकवता येतात त्यांनी उलटं केलं, वय कमी दाखवलं. भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं यावर मनगटाच्या क्ष-किरणानं हाडांचं वय पाहण्याची चाचणी आणली. २०१५ च्या पतौडी व्याख्यानात राहुल द्रविडनं वयचोरीवर कठोर शब्दांत बोट ठेवलं. २०२० मध्ये मंडळानं जाहीर केलं, की स्वतःहून कबूल केलं तर माफी, पकडले गेलात तर दोन वर्षं बंदी. हाडांची चाचणी चोरी पकडते. पण प्रामाणिक डिसेंबरच्या पोराचं काय, याचं उत्तर तिच्यात नाही.

दुसरं दार

उत्तराचा एक तुकडा आमच्या जवळच सापडतो. खापरखेड्याच्या बाजूला कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव वयोगटांच्या गाळण्यांतून वर आलेला नाही. चामडी चेंडू त्याच्या हातात नीट आला तो विशीच्या उंबरठ्यावर. २००८ मध्ये तो विदर्भाकडून खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. चौदाव्या वर्षीच दार कायमचं बंद करणारी व्यवस्था असती तर तो मिळालाच नसता. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे ही नावं आज तुम्ही मोबाइलवर पाहता. नागपूरबाहेरही पोरं आहेत, हे वेगळं सिद्ध करायची गरज उरलेली नाही. विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्याच वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. गाळणी जरा रुंद झाली तर काय होतं, याचा हिशेब यात आहे.

पण उमेश अपवाद होता, आणि अपवादावर व्यवस्था सोडता येत नाही. दुसरं दार मुद्दाम ठेवावं लागतं. कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, कुमार गटात २० वर्षं आणि ७० किलो. हा शहाणा विचार आहे, फक्त त्यापायी पोरं उपाशी राहून वजन उतरवतात तेही पाहावं लागेल. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी काही सामने वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणं गट पाडून खेळवले. म्हणजे आमची बरोबरीची जोडी!

तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कोणी उद्या चाचणीला जाणार असेल, कोणाचा धाकटा भाऊ किंवा बहीण जाणार असेल. तिथं चार गोष्टी विचारता येतात. निकष आधी लावले आहेत का? प्रत्येकाचे गुण कागदावर लिहिले जातात का, आणि ते मागितले तर दाखवतात का? जो आज राहिला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार का? आणि एखादी चाचणी आमच्या तालुक्यात होऊ शकेल का? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. पळवणकर भावांनी १९२० मध्ये हेच विचारलं होतं. आमच्या गल्लीतली दहा वर्षांची पोरंही बिनजोड जोडी दिसली की हेच विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत डाव सुरू व्हायचा नाही.