छेदाचा प्रश्न : कोड कव्हरेजच्या मोजणीतील फाईल-निवडीचा इतिहास

चाचण्या चालवल्या असता आज्ञावलीतील किती ओळी प्रत्यक्ष अंमलात आल्या, याची टक्केवारी म्हणजे कोड कव्हरेज होय. अंमलात आलेल्या ओळी हा या टक्केवारीचा अंश, तर मोजणीस पात्र ठरलेल्या ओळी हा तिचा छेद. अंश मोजण्याचे काम यंत्राकडे लवकर गेले. छेद ठरवण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले आणि बराच काळ ते दुय्यम समजले गेले.

या विचाराच्या आरंभीच्या मांडणींपैकी एक जोन मिलर व क्लिफर्ड मलोनी यांच्या १९६३ मधील निबंधात आढळते. आज्ञावलीतील तार्किक वाटा चाचण्यांनी पद्धतशीरपणे तपासल्या जाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढे विमानातील संगणकप्रणालींसाठी १९९२ मध्ये आलेल्या डीओ-१७८बी या मानकाने छेदाला पळवाट ठेवली नाही. जो भाग चाचणीत चालला नाही, त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागे : चाचणी अपुरी आहे, कोड निरुपयोगी असून काढून टाकायचा आहे, की तो हेतुतः निष्क्रिय ठेवला आहे. सर्वसामान्य सॉफ्टवेअर-निर्मितीत अशी सक्ती नव्हती.

तेथे साधनाच्या रचनेनेच छेद ठरत गेला. जीसीसी कंपायलरसोबतच्या जीकोव्ह या साधनात कंपाइल करताना एक नोंद तयार होते, तर प्रत्यक्ष गणनेची नोंद आज्ञावली चालल्यावर. जी फाईल चाचण्यांच्या वेळी लोडच झाली नाही, तिची दुसरी नोंद निर्माणच होत नाही. म्हणूनच एलकोव्हमध्ये आरंभी शून्याची नोंद घेऊन ती नंतरच्या नोंदीत मिळवण्याची सोय करावी लागली.

पीएचपी भाषेतील पीएचपीयुनिटचा प्रवास या दृष्टीने अधिक बोलका आहे. सेबास्टियन बर्गमन यांच्या या साधनात ४.८ आवृत्तीपर्यंत मूळ नियम असा होता की, जिची किमान एक ओळ चालली तीच फाईल अहवालात येई. प्रत्येकी १०० ओळींच्या १० फाईलींपैकी ४ फाईलींच्या ९० ओळी चालल्या, तर कव्हरेज ९० टक्के दिसे. सर्व १० फाईली धरल्यास ते ३६ टक्केच भरते. सर्वाधिक दुर्लक्षित फाईलच हिशेबाबाहेर राहावी, हा त्या नियमाचा विपरीत परिणाम होय. उलटपक्षी, चाचण्यांच्या फाईली छेदात शिरल्या तर त्या जवळजवळ पूर्ण चालत असल्याने टक्केवारी फुगते. बाहेरून आणलेली ग्रंथालये वगळणे मात्र रास्तच म्हणावे लागेल.

वगळण्याची यादी आणि समाविष्ट करण्याची यादी असे दोन मार्ग तेव्हा उपलब्ध होते. २०१५ च्या ५.० आवृत्तीत पहिला मार्ग बंद झाला आणि समावेशाची यादी देणे बंधनकारक ठरले. हा बदल केवळ तांत्रिक मानता येत नाही. वगळण्याच्या यादीत विस्मरणाचा भार अहवालावर पडतो, तर समावेशाच्या यादीत निर्मात्याला आपला कोड कोणता हे आधी सांगावे लागते. २०२० च्या ९.३ आवृत्तीत या यादीचे जुने नाव जाऊन 'इन्क्लूड' व 'एक्स्क्लूड' ही सरळ नावे आली. २०२३ च्या १०.१ आवृत्तीत ती यादी कव्हरेजच्या विभागातून 'सोर्स' या स्वतंत्र विभागात गेली, आणि कोणत्या फाईलींतील इशारे दाखवायचे याचा निर्णयही तिच्याच आधारे करता येऊ लागला.