दिव्याचा हिशेब

समईंतील तेल किती सरलें हें डोळ्यांना दिसे. विजेचें तसें नव्हे. ती येते, उजेड देते आणि मागें खूण न ठेवतां जाते. मग विकणाऱ्यानें पैसे कशाचे मागावे, आणि घेणाऱ्यानें ते कोणत्या विश्वासावर द्यावे? वीजमापकाचा इतिहास हा बव्हंशीं या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

१८७२ सालीं सॅम्युएल गार्डिनर या अमेरिकन संशोधकानें दिलेलें उत्तर अगदीं साधें होतें. दिव्याकडे प्रवाह जाऊं लागला कीं विद्युच्चुंबकाच्या योगानें एक घड्याळ चालूं होई, आणि प्रवाह थांबतांच तें थांबे. दिवा किती वेळ जळला, एवढेंच त्यावरून कळे.

पुढें १८८२ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचें वीजकेंद्र सुरू झालें. आतां एकाच घरांत कधीं दोन तर कधीं दहा दिवे लागूं लागले. नुसता काळ मोजून भागेना. एडिसननें जस्ताचे पत्रे जस्तक्षाराच्या द्रावणांत बुडविले आणि प्रवाहाचा ठराविक अल्पांश त्यांतून नेला. जितकी वीज अधिक जाई, तितकें अधिक जस्त एका पत्र्यावरून सुटून दुसऱ्यावर बसे. महिन्याकांठीं कंपनीचा माणूस पत्रे नेई, त्यांचें वजन होई आणि त्यावरून बिल ठरे. हिवाळ्यांत द्रावण गोठूं नये म्हणून मापकाच्या पेटींतच एक दिवा ठेवावा लागे! परंतु खरी उणीव निराळीच होती. ग्राहकास आंकडा वाचतां येत नसे. तराजू विकणाऱ्याच्याच हातीं होता. १८८९ च्या सुमारास एलिहू थॉमसनचा फिरता मापक आला. अशा मापकांच्या तबकडीवरील आंकडे घरधन्यासहि वाचतां येऊं लागले, आणि विश्वासाचा प्रश्न बराचसा मिटला.

तरीहि मापक दाराशींच राहिला. एकूण वीज किती गेली हें तो सांगे. ती कोणत्या खोलींत, केव्हां आणि कोणाच्या उपयोगीं पडली, याविषयीं तो मुका असे. हें मौन आज डेटा लॉगर नांवाचें चिमुकलें नोंदयंत्र मोडतें. दिव्याजवळ बसविलेलें हें यंत्र दिवा लागल्याची व मालवल्याची वेळ टिपून ठेवतें. कांहीं यंत्रें खोलींत माणसांचा वावर आहे कीं नाहीं, हेंहि टिपतात. खिडकींतील ऊन त्यावर पडूं देतां कामा नये, नाहींतर दिवसाचा उजेडहि दिव्याच्या नांवें जमा होतो! चाळीस वॅटचे दहा दिवे रिकाम्या वर्गांत रोज पांच तास जळत असतील, तर रोज दोन युनिटें वायां जातात, हें अशा नोंदींतून उघड होतें.

एका अर्थीं गार्डिनरचें घड्याळच परत आलें आहे. मात्र तेव्हां 'देणें किती?' हा प्रश्न होता. आज 'हा उजेड कोणासाठीं?' हा आहे. पहिल्याचें उत्तर पैशांत देतां येतें, दुसऱ्याचें आपल्या संवयींत शोधावें लागतें. म्हणूनच एक विवेक अवश्य पाळावा. जें यंत्र रिकामी खोली ओळखतें, तें भरलेली खोलीहि ओळखतें. आणि दिव्यावरची नजर माणसावर वळण्यास वेळ लागत नाहीं. तराजू कोणाच्या हातीं, हा जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो तो येथें. हिशेब दिव्याचा असावा, दिव्याखालीं बसणाऱ्याचा नव्हे.