दोन टनांची प्लेट : हमालाच्या पाठीपासून फोर्कलिफ्टपर्यंत

आजचा विषय जरा लोखंडी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला जाताना हा भाग ऐकत असाल, तर आज कामावर एक गोष्ट बघा. फोर्कलिफ्टवर ड्रायव्हरच्या समोर कुठंतरी एक छोटी पत्र्याची प्लेट असते. बऱ्याचदा ती ऑइलनं काळी झालेली असते. त्या प्लेटमागं मोठा इतिहास आहे, आणि त्याची एक बाजू आपल्या कोल्हापुरात आहे.

१८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. पुढं १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली आणि तिथं गुळाचा मोठा बाजार उभा राहिला. गूळ आपल्याला गोड लागतो, पण उचलणाऱ्याला तो जड असतो. मोठा रवा साधारण ३० किलोचा. तो गाडीतून उतरवायचा, सौद्याला मांडायचा, तोलायचा, थप्पी लावायची, परत भरायचा. एकच रवा चार-पाच वेळा माणसाच्या अंगावरून जायचा.

हमालीला काय डोकं लागतंय, असं म्हणणाऱ्यानं एकदा पोतं उचलून फळीवरून चढून दाखवावं. ओझं पाठीवर नेमकं कुठं बसवायचं, पाऊल कसं टाकायचं, थप्पी कुठवर चढवायची, हे नवा गडी टोळीतल्या जुन्या माणसाबरोबर राहून शिकायचा. सर्टिफिकेट नव्हतं, पण शिकवणी होती. आणि ओझं जास्त झालं की शरीर आधी सांगायचं. गुडघा थरथरायचा, मान आखडायची. समोरचा ते ऐकून घेईलच असं मात्र नव्हतं.

कायद्यानं हे कसं बघितलं, ते मला फार बोलकं वाटतं. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम २९ यंत्रांसाठी होतं : वजन उचलणाऱ्या यंत्रावर सुरक्षित भाराचा आकडा स्पष्ट लिहा, त्यापेक्षा जास्त उचलू नका, आणि १२ महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. कलम ३४ माणसासाठी होतं : इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नका. किती किलो? तो आकडा ठरवायचं राज्य सरकारांवर सोडलं. म्हणजे क्रेनला प्लेट मिळाली, पाठीला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली ती १९६७ मध्ये. आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतल्या माथाडींची संघटना बांधून जो लढा दिला, त्याचं हे फळ. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलाय.

आता फोर्कलिफ्टकडं येऊ. गंमत अशी की तिचा एक पूर्वज कारखान्यात स्वतःच्या सोयीसाठी जन्मला. १९१७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बुकॅनन गावी क्लार्क कंपनीच्या अ‍ॅक्सल कारखान्यात वाळू आणि कच्ची कास्टिंगं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात न्यायला कामगारांनी एक तीनचाकी गाडी बनवली, 'ट्रकट्रॅक्टर'. वाळू आणि कास्टिंग! उद्यमनगरातल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला हे घरचंच वाटेल. बघायला आलेल्यांनी 'आम्हालाही द्या' म्हटलं आणि धंदा सुरू झाला. त्या गाडीत माल हातानंच भरावा लागे. उभ्या मास्टवर वर-खाली जाणारे फोर्क त्यानंतर काही वर्षांनी आले, आणि दुसऱ्या महायुद्धात पॅलेटबरोबर ते जगभर पोचले.

आता प्लेट वाचू. फोर्कलिफ्ट म्हणजे जत्रेतला सी-सॉ. पुढची चाकं हा मधला टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला मागचं बिडाचं जडशीळ काउंटरवेट. प्लेटवर नुसतं '२००० किलो' नसतं, सोबत '५०० मिमी' असंही असतं. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर असेल, तरच ते दोन टन खरे.

हिशोब करून बघू. समजा पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कची उभी बाजू ४०० मिमीवर आहे. मग माल टेकूपासून ९०० मिमीवर. २००० गुणिले ९०० म्हणजे १८ लाख, एवढा तोल गाडी सांभाळते. आता लांबलचक कास्टिंग आलं, त्याचा मध्य ८०० मिमीवर. टेकूपासून झाले १२०० मिमी. १८ लाखांना १२०० नं भागा : १५०० किलो. गाडी तीच, पण अर्धा टन गेला! हा ढोबळ हिशोब झाला. मास्ट उंच नेला किंवा फोर्कला जोडणी लावली की क्षमता आणखी कमी होते, म्हणून शेवटी त्या गाडीची प्लेटच बघायची. आणि मागची चाकं उचलायला लागली म्हणून काउंटरवेटवर दोन पोरं उभी करणं हा जुगाड नाही, जिवाशी खेळ आहे.

इथंच हमाल आणि ऑपरेटर यांच्यातला फरक कळतो. हमालाचा गुडघा आधी बोलायचा. सीटवर बसलेल्याला गाडी आडवी व्हायला लागेपर्यंत पाठीत काहीच जाणवत नाही. टोळीतल्या म्हाताऱ्यानं जे शिकवलं, ते आता कुणीतरी मुद्दाम बसवून शिकवायला हवं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी प्रश्न एकच असतो : 'गाडी येती नव्हं?' कारचं लायसन्स दाखवलं की चावी हातात. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात फक्त कारखान्याच्या आवारात वापरायची खास वाहनं 'मोटार वाहन' धरलीच नाहीत. त्यामुळं आरटीओच्या परीक्षेत फोर्कलिफ्ट येतच नाही. शिवाय ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळं कार चालवणाऱ्याची सवय इथं उलटी पडते : पुढचं तोंड निघालं तरी मागचं बूड बाजूला फेकलं जातं.

अमेरिकेनं १९९८ मध्ये नियम पक्का केला : वर्गातलं शिक्षण, प्रत्यक्ष सराव, त्याच जागी त्याच गाडीवर परीक्षा, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. चांगलं प्रशिक्षण असंच असतं. माल भरलेला असताना फोर्क जमिनीपासून वीतभर ठेवायचे, मास्ट थोडा मागं झुकवायचा. उतारावर माल कायम चढाच्या बाजूला. आणि बसून चालवायची गाडी कलंडायला लागली, तर उडी मारायची नाही. उडी मारणारा बहुतेक वेळा गाडीच्या छताखालीच सापडतो. बेल्ट लावलेला असू दे, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी ज्या बाजूला पडतीय तिच्या उलट बाजूला झुका.